संवर्धनाचे ऑनलाइन नकाशे : डेटा एकत्र कसा करायचा आणि किती उघडा ठेवायचा?

रानवाट

नमस्कार मंडळी,

एकाच नदीच्या खोऱ्यात काम करणारे आम्ही पाच गट आहोत. एक पाणपक्ष्यांची गणना करतो, एक पाणमांजरांच्या खुणांच्या नोंदी ठेवतो, एक पाण्याचे नमुने तपासतो, एक काठावरची मूळची झाडी पुन्हा उभी करायच्या मागे आहे आणि एकाकडे पाणथळ जागांच्या जुन्या हद्दी गोळा झाल्या आहेत. काम सगळ्यांचंच मन लावून चाललंय, पण नकाशा प्रत्येकाचा वेगळा. कुणी गूगल माय मॅप्सवर टिंबं टाकतंय, कुणाकडे क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीच्या फायली आहेत, तर कुणाचं सगळं एका एक्सेल शीटमध्ये.

काठाच्या एका पट्ट्यावर भराव घालायचा प्रस्ताव आला तेव्हा हरकती नोंदवायला थोडेच दिवस होते. पाचही नकाशे एकावर एक ठेवून दाखवता आले असते, तर तो पट्टा का सोडायला हवा हे कुणालाही एका नजरेत कळलं असतं. पण मुदत जुळवाजुळवीतच निघून गेली.

आता एक सामायिक ऑनलाइन नकाशा करायचं ठरतंय. कुठलं साधन घ्यावं याची मला फारशी चिंता नाही. एकत्र आलेला डेटा नीट कसा राहील आणि कुणाला काय दिसू द्यायचं, याची आहे. पाणमांजरांच्या बिळांची ठिकाणं सगळ्यांना दिसावीत का, यावर आमच्यातच दोन तट पडलेत. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अक्षवृत्त

चांगला धागा. आमच्याकडे बऱ्याच गटांच्या फायली जुळवणीसाठी येतात, त्यावरून लिहितो.

साधन शेवटी ठरवा. आधी डेटा आणि नकाशा वेगळे करा. रंग, चिन्हं, कुठला थर वर ठेवायचा, हे सगळं नकाशाचं. ते बदलत राहणार आणि साधनंही बदलत राहणार. गूगलने फ्यूजन टेबल्स ही सेवा डिसेंबर २०१९ मध्ये बंद केली. त्यावर उभे केलेले नकाशे त्याबरोबर गेले. ज्यांनी मूळ तक्ते बाहेर काढून ठेवले होते, त्यांना ते दुसरीकडे पुन्हा मांडता आले. म्हणून मूळ प्रत स्वतःच्या ताब्यात आणि कुठल्याही प्रणालीत उघडेल अशा स्वरूपात ठेवा. बिंदूंसाठी साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला तक्ता) पुरते. हद्दी आणि रेषांसाठी जिओपॅकेज किंवा जिओजेसन ही खुली नकाशा-स्वरूपं.

शेपफाइल (नकाशा-डेटाचं जुनं स्वरूप) अजून सगळीकडे फिरते, पण सामायिक कामासाठी ती शक्यतो टाळा. एक शेपफाइल म्हणजे खरं तर निदान तीन फायली, आणि चौथी पीआरजे, जिच्यात निर्देशांक कुठल्या पद्धतीतले आहेत ते लिहिलेलं असतं. कुणीतरी त्यातली आकारांची एकटी एसएचपी मेलला जोडतं आणि पलीकडे ती नीट उघडतच नाही. पीआरजे मागे राहिली तर उघडते, पण जागेवर बसेल याची खात्री नसते. शिवाय स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात. यूटीएफ-८ या नेहमीच्या संगणकीय अक्षर-पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. ‘ठिकाण’ हा शब्ददेखील त्यात मावत नाही! मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी एवढ्या एका कारणासाठी जिओपॅकेजवर यावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे अक्षांश-रेखांशांचा क्रम. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, जीपीएसही तसंच दाखवतं. जिओजेसनमध्ये मात्र रेखांश आधी येतो. २०१६ च्या आरएफसी ७९४६ या मानकात तसं स्पष्ट लिहिलंय. उलटापालट झाली की बिंदू भलत्याच खंडात जातात, ते लगेच लक्षात तरी येतं. अवघड असतं ते जुन्या कागदी नकाशांवरून उतरवलेल्या हद्दींचं. ते नकाशे बहुधा जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भपद्धतीवर नसतात. रूपांतर न करता टाकले तर हद्द शंभर-दोनशे मीटरनं सरकते, आकार मात्र अगदी बरोबर दिसतो, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. तुमच्या पाणथळ जागांच्या हद्दी कुठून उतरवल्यात, हे आधी विचारून घ्या.

टिटवी

अक्षवृत्त, एक शंका. आमच्या पक्षीगटात संगणकाशी फारशी ओळख नसलेली मंडळी आहेत. माय मॅप्समध्ये लिंक पाठवली की झालं, सगळे टिंबं टाकतात. ते सोडून त्यांना क्यूजीआयएस शिकवत बसायचं का?

अक्षवृत्त

अजिबात नको. नोंद घेण्याचं साधन सोपंच हवं. फक्त मोकळ्या नकाशावर टिंब टाकण्याऐवजी फॉर्म द्या. कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके फोनवर नेटवर्कशिवाय चालतात, जागा आपोआप घेतात आणि प्रजातीचं नाव यादीतून निवडायला लावतात. नाहीतर एकाच पक्ष्याची पाच वेगवेगळी शुद्धलेखनं जमा होतात. क्यूजीआयएस एखाद्-दोघांना आलं तरी पुरे. ज्यांना मैदानात हद्दी आखायच्या आहेत त्यांच्यासाठी क्यूफील्ड आहे.

एक धोका मात्र आताच सांगून ठेवतो. जिओपॅकेज फाइल ड्रॉपबॉक्ससारख्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी एकाच वेळी तिच्यावर काम करू नका. ती आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस असते. फोल्डर मधल्या मधल्या अवस्था इकडून तिकडे नेत राहतो, मग एकाचे बदल पुसले जातात किंवा फाइलच बिघडते. अनेकांनी मिळून बदल करायचे असतील तर सर्व्हरवर पोस्टजीआयएस हा नकाशांसाठीचा डेटाबेस, किंवा क्यूफील्डक्लाउड, मर्जिन मॅप्स यांसारखं बदल जुळवून घेणारं काहीतरी हवं.

काठावरचा

टिंबाची जागा किती पक्की आहे हे प्रत्येक नोंदीत लिहायची सवय लावा, हे माझं कळकळीचं सांगणं. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस पाचेक मीटरच्या आत असतं, दाट झाडीत किंवा दरीत बरंच जास्त हलतं, आणि कुणी आठवणीने नकाशावर बोट ठेवून टाकलेला बिंदू किलोमीटरभरही दूर असू शकतो. पडद्यावर तिन्ही टिंबं सारखीच गोल, सारखीच लाल. जैवविविधतेच्या नोंदींसाठी डार्विन कोअर नावाचं मानक आहे, त्यात मीटरमधल्या अनिश्चिततेसाठी स्वतंत्र रकाना ठेवलाय. तोच वापरा. उद्या जीबीआयएफसारख्या जागतिक साठ्यात नोंदी द्यायच्या झाल्या तर स्तंभांची नावं बदलत बसावं लागणार नाही.

अक्षांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहिला म्हणजे आपण मीटरभराच्या अचूकतेचा दावा करतोय. चार स्थळं म्हणजे साधारण अकरा मीटर, तीन म्हणजे एकशे अकरा. एक्सेल आठ-आठ स्थळं दाखवतं म्हणून ती खरी मानू नका.

घरटं

बिळांच्या प्रश्नावर लिहिते, कारण माझं कामच घरट्यांचं आहे. रानवाट, तुमच्याकडे दोन तट पडले ही मला चांगली खूण वाटते. याचा विचारच न करणारे गट मी जास्त पाहिलेत.

दक्षिण चीनमधल्या एका गुहेतल्या पालीचं, गोनियुरोसॉरस लुई हिचं, शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी त्याच वर्णनाचा माग काढला. एकेका पालीला दीड-दोन हजार डॉलर मिळू लागले आणि जिथून तिचं वर्णन झालं त्या मूळ जागेवरून ती नाहीशी झाली. इंडोनेशियातल्या रोटे बेटावरच्या लांब मानेच्या कासवाचंही वर्णन १९९४ मध्ये झाल्यानंतर असंच झालं. शास्त्रज्ञांनी नेहमीचं काम नेहमीसारखंच केलं होतं. ठिकाण लिहिणं हा त्या कामाचा भागच होता. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन ऑस्ट्रेलियन पर्यावरणशास्त्रज्ञांनी उघडपणे मांडलं की काही प्रजातींची नेमकी ठिकाणं प्रसिद्धच करू नयेत.

आता झाकायचं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण अर्धवट झाकलेलं जास्त धोक्याचं असतं. घरट्याभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढून तेवढंच प्रसिद्ध केलं, असं बरेचजण करतात. त्या वर्तुळाचा मध्य काढायला कुणाला कितीसा वेळ लागतो? दुसरी पद्धत म्हणजे बिंदू यादृच्छिकपणे थोडा हलवायचा. पण प्रत्येक वेळी नकाशा नव्याने तयार होताना तो नव्याने हलत असेल, तर दहा-वीस आवृत्त्यांची सरासरी काढली की खरी जागा जवळजवळ सापडते. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ असं करत नाही. तिथे धोक्यातल्या प्रजातीची नोंद ०.२ गुणिले ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते, विषुववृत्ताजवळ तो चौकोन बाजूला साधारण बावीस किलोमीटरचा होतो. आणि इतरांना नेमक्या तारखेऐवजी फक्त महिना दिसतो. कारण त्याच माणसाने त्याच दिवशी नोंदवलेल्या बाकीच्या उघड्या नोंदींवरून त्याची वाट काढता येते.

तुमच्यासाठी सोपं म्हणजे ठरलेली जाळी. खोऱ्यावर पाच किंवा दहा किलोमीटरचे चौकोन आखा आणि सार्वजनिक नकाशावर ‘या चौकोनात पाणमांजर आहे’ एवढंच दाखवा. चौकोनाच्या कडा नोंदींवरून ठरवू नका, आधीच आखून ठेवा. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: फोटो. फोनने काढलेल्या फोटोच्या आतच जागा लिहिलेली असते. नकाशावर चौकोन आणि त्याला जोडलेल्या बिळाच्या फोटोत नेमके अक्षांश-रेखांश, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. फोटो चढवण्याआधी ती माहिती काढून टाका. बीळ कुठल्या वळणावर आहे हे ओळखू येईल अशी पार्श्वभूमी असेल, तर तो फोटो सार्वजनिक नकाशावर नकोच.

उघडी_खिडकी

घरटं, तुमचा मुद्दा मान्य. पण दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडायला हवी. झाकलेल्या डेटामुळे जागा वाचत नाहीत. भराव घालणाऱ्याला जर उद्या म्हणता आलं की ‘इथे काही असल्याची आम्हाला माहितीच नव्हती’, तर ती माहिती लपवून आपण कुणाचं भलं केलं? अधिवास नष्ट होणं हे चोरट्या शिकारीपेक्षा कितीतरी अधिक प्रजातींच्या मुळावर उठलेलं आहे.

लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं २००८ मध्ये सर्वांना मोफत झाली, त्यानंतरच जगभरची जंगलं वर्षागणिक मोजणं शक्य झालं. २०१३ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने ३० मीटरच्या तपशिलाचा जंगलांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या आधारे ग्लोबल फॉरेस्ट वॉच हे जंगलांवर नजर ठेवणारं संकेतस्थळ उभं राहिलं. आज कुठल्याही लहान गटाला झाडं तुटल्याचा इशारा मिळू शकतो. हे सगळं बंद कपाटात राहिलं असतं तर? ‘संवेदनशील आहे’ म्हणून डेटा न देणारे कितीतरी लोक मला भेटतात आणि त्यातल्या बहुतेकांकडे संवेदनशील असं काही नसतं. सामान्य झाडांच्या याद्या असतात.

घरटं

यात आपलं भांडण नाही. बहुतेक डेटा उघडाच असायला हवा. पाण्याचे नमुने, झाडी, पाणथळ हद्दी, बहुतेक पक्षी, सगळं उघडं ठेवा. मी बोलतेय ते मूठभर प्रजातींच्या नेमक्या जागांबद्दल. आणि झाकणं म्हणजे कुणालाच न सांगणं, असंही मला म्हणायचं नाही.

ऑस्ट्रेलियातला वॉलेमी पाइन बघा. १९९४ मध्ये तो एका खोल घळीत सापडला आणि ती जागा तेव्हापासून गुप्त ठेवलीय. चोरून तिथे गेलेल्या लोकांच्या पावलांबरोबर मुळं कुजवणारी बुरशी आत गेली असावी असं मानलं जातं, म्हणजे गुप्ततेला सबळ कारण आहे. पण २०१९-२० च्या वणव्यांत याच झाडांवर अग्निशमन दलाने विमानांतून आगरोधक टाकलं, घळीत पाण्याचे फवारे बसवले आणि ती राई वाचवली. ज्यांना माहिती असायला हवी त्यांना ती होती, म्हणून हे जमलं. रानवाट, प्रस्तावांची छाननी करणाऱ्या कार्यालयाला नेमक्या जागा लेखी कराराने द्या, जगाला चौकोन द्या. मग ‘माहिती नव्हती’ असं कुणालाच म्हणता येणार नाही.

उघडी_खिडकी

+१. असा थर-थर करून दिलेला डेटा मलाही मान्य आहे. अट एकच, काय झाकलंय हे नकाशावर लिहा. चौकोन रिकामा आहे की आतलं दाखवलेलं नाही, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

पाऊलखुणा

सगळे प्राण्यांच्या गुप्ततेबद्दल बोलताहेत, माणसांबद्दल कुणीच नाही, म्हणून लिहितो.

पाणमांजर कुठे असतं हे बहुतेक ठिकाणी आधी कोण सांगतं? मासेमारी करणारे, गुरं घेऊन काठाने फिरणारे. त्यांच्याशी बोलूनच आपण नकाशा भरतो. मग त्या नकाशावर त्यांच्या मासेमारीच्या जागा, चराईच्या वाटा, पवित्र मानलेली डोहांची ठिकाणं येतात. उद्या त्याच थराचा आधार घेऊन कुणी त्यांनाच काठावर यायला बंदी केली, तर ती आपल्या हातून झालेली असेल. मी हे घडताना पाहिलंय, आणि त्या गावांनी पुन्हा कुणालाही काही सांगितलं नाही.

डेटा शोधता यावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा, ही फेअर तत्त्वं २०१६ पासून सगळे सांगतात. पण ती तत्त्वं डेटाची काळजी करतात. ज्यांच्याकडून तो आला त्या लोकांची काळजी घेणारी केअर तत्त्वं २०१९ मध्ये जगभरच्या आदिवासी समाजांच्या डेटा-आघाडीने मांडली. सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती, असा त्यांचा गाभा. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. नकाशा प्रसिद्ध व्हायच्या आधी त्या लोकांना मोठा छापून दाखवा, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि नंतरही ‘हे काढा’ म्हणायचा हक्क त्यांच्याकडे ठेवा. फॉर्मवर एकदा सही घेतली म्हणजे कायमची परवानगी मिळाली असं धरू नका. आणि नकाशाची प्रत त्यांच्याकडे राहू द्या, तीही त्यांना वाचता येईल अशी.

टिटवी

पाऊलखुणा, हे वाचून आमच्या गटात उद्याच विषय काढते. आम्ही तर माहिती देणाऱ्यांची नावंही त्याच तक्त्यात ठेवतो.

पाऊलखुणा

नावं वेगळ्या फाइलमध्ये, कुलूपबंद. मुख्य तक्त्यात फक्त सांकेतिक क्रमांक.

सीमारेषा

परवान्यांबद्दल थोडं. परवाना न लिहिलेला डेटा ‘सगळ्यांसाठी खुला’ नसतो. कायद्याने पाहिलं तर बहुतेक वेळा कुणालाच तो बिनधास्त वापरता येत नाही. त्यामुळे पाचही गटांनी बसून प्रत्येक थरासाठी परवाना ठरवा. जीबीआयएफ फक्त तीन स्वीकारतं: सीसी-झीरो (कुठलीच अट नाही), सीसी-बाय आणि सीसी-बाय-एनसी (श्रेय द्या, व्यावसायिक वापर नको). सीसी-बाय म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. मला तोच बरा वाटतो. ‘व्यावसायिक वापर नको’ ऐकायला चांगलं वाटतं, पण पर्यावरण-आघात अहवाल लिहिणारे सल्लागार पैसे घेऊनच काम करतात. त्या अटीमुळे तुमच्या नोंदी नेमक्या त्याच अहवालातून गळतील, जिथे त्या असायला हव्या होत्या.

ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून केलेला जगाचा खुला नकाशा) वापरणार असाल तर त्याचा परवाना ओडीबीएल आहे. त्याचा पट नुसता पाठीमागे ठेवून वर तुमचे थर दाखवले, तर श्रेय दिलं की पुरतं. पण त्यातल्या नद्या-ओढे काढून तुमच्या नोंदींमध्ये मिसळून नवा डेटाबेस केला आणि तो प्रसिद्ध केला, तर तो नवा डेटाबेसही त्याच परवान्याने द्यावा लागतो. म्हणून थर वेगळे ठेवा. उलट दिशेनेही जपा: गूगलच्या नकाशावरून रेषा उतरवून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टाकायला परवानगी नाही. तुमच्याकडे प्रत्यक्ष पाहून आखलेले ओढे, पायवाटा, बंधारे असतील तर ते जरूर तिथे घाला, पुढच्या प्रत्येक गटाला उपयोगी पडतील. प्राणी दिसल्याच्या नोंदी मात्र तिथे घालू नका. दुसऱ्या कुणाला जागेवर जाऊन पडताळता येईल असंच तिथे असावं लागतं.

संरक्षित क्षेत्रांच्या हद्दींसाठी प्रोटेक्टेड प्लॅनेट या संकेतस्थळावरचा जागतिक साठा बघण्यासारखा आहे, दर महिन्याला अद्ययावत होतो. पण त्याच्याही अटी आहेत. उतरवून घेऊन तुमच्या संकेतस्थळावरून पुन्हा वाटता येत नाही, लिंक द्यावी लागते.

काठावरचा

रिकाम्या जागांबद्दल उघडी_खिडकी यांनी म्हटलं ते पुढे नेतो. तुमच्या खोऱ्यात जिथे टिंब नाही तिथे पाणमांजर नाही, की तिथे कुणी गेलंच नाही? भरावाच्या प्रस्तावावर समोरचा माणूस हेच म्हणणार: ‘तुमच्याच नकाशावर इथे काही नाही.’ यावर उत्तर एकच. शोधाच्या वाटाही नोंदवा. कुठून कुठे चाललात, किती वेळ, किती जण, आणि काहीच दिसलं नाही तरी तो दिवस नोंदवा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जे दिसलं ते सगळं लिहिलेल्या पूर्ण याद्या वेगळ्या ओळखता येतात, त्यांची किंमत यामुळेच आहे. न सापडल्याची नोंद पाठवायला लोकांना उत्साह नसतो. तेव्हा फॉर्ममध्ये ‘शोधलं, आढळलं नाही’ हा पर्याय सगळ्यात वर ठेवा आणि अशी नोंद करणाऱ्याचे आवर्जून आभार माना.

क्षेत्रफळ मोजताना एक सांभाळा. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या एका पद्धतीत असतात. त्यात ६० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ चौपट दिसतं. विषुववृत्ताजवळ फरक कमी, पण असतोच. हेक्टरचे आकडे हरकतीत लिहिणार असाल तर क्यूजीआयएसमध्ये समक्षेत्र (क्षेत्रफळ खरं राखणाऱ्या) प्रक्षेपणात मोजा, नाहीतर पहिल्याच सुनावणीत आकडा खोडला जाईल आणि त्याबरोबर बाकीच्या नकाशावरचा विश्वासही जाईल.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून पाचही गटांत वाटला आणि काल बैठक झाली. ठरलं ते असं.

मूळ डेटा पोस्टजीआयएसवर राहील आणि दर महिन्याला, बिळांच्या जागा वगळून, त्याची जिओपॅकेज प्रत प्रत्येक गटाकडे जाईल. नोंदी कोबोच्या फॉर्मने येतील, जागेची अनिश्चितता सक्तीची. सार्वजनिक नकाशावर पाणमांजर फक्त दहा किलोमीटरच्या चौकोनांत दिसेल आणि खाली तसं लिहिलेलं असेल. बिळांच्या जागा फक्त दोन जणांकडे आणि करार झाला की छाननी कार्यालयाकडे. काठावरच्या वस्त्यांना छापील नकाशा दाखवल्याशिवाय त्यांच्याकडून आलेला एकही थर बाहेर जाणार नाही. यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली आणि सगळ्यात पक्कं हेच ठरलं.

पाणथळ हद्दी कुठून आल्या हेही विचारलं. त्या जुन्या छापील नकाशावरूनच उतरवलेल्या आहेत आणि मूळ नकाशा-पत्रिकेच्या कोपऱ्यातला मजकूर स्कॅनमध्ये कापला गेलाय. अक्षवृत्त, आता काय करता येईल?

अक्षवृत्त

आधी मूळ पत्रिका ज्या ग्रंथालयात किंवा कार्यालयात असेल तिथून कोपऱ्याचा फोटो मिळतोय का बघा, सगळा तपशील तिथेच असतो. नाहीच मिळाला तर नकाशावरच्या न हललेल्या जागा शोधा: जुने पूल, देवळं, बांधीव विहिरी, रेल्वेमार्ग रस्त्याला छेदतो त्या जागा. नदीचा काठ घेऊ नका, तो सरकलेला असतो. अशा दहा-बारा जागांवर प्रत्यक्ष जाऊन जीपीएसने नोंद घ्या आणि क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये त्यावर पत्रिका बसवा. काही जागा बसवताना वापरू नका, नंतर तपासणीसाठी बाजूला ठेवा. त्या जागांवर जेवढा फरक येईल तेवढी अनिश्चितता प्रत्येक हद्दीच्या नोंदीत मीटरमध्ये लिहा. स्कॅन मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा, पहिली पत्रिका आपण मिळून बसवू.